पंधरा फ्रेम

कुदळ मातीत शिरली आणि तिचा आवाज पंधरा फ्रेमनंतर आला.

रंजिताने ते तीनदा मोजलं, कॉम्प्युटरवर बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवत. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे पंधरा फ्रेम हा अर्धा सेकंद. भादव्यातल्या दमट हवेत आवाज अर्ध्या सेकंदात सुमारे एकशे सत्तर मीटर जातो. शूटिंगच्या दिवशी कुदळ मारणारे केळीवाले चुडामणभाऊ तिच्या फोनपासून चार मीटरवर उभे होते. चार मीटर यायला आवाजाला फ्रेमचा तिसरा हिस्सा लागतो. इतका फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही. तिने वही ओढली आणि लिहिलं, 'क्लिप १७. मिनिट २५. आवाज १५ फ्रेम मागे.' कारणाच्या रकान्यात 'कॉम्प्युटर हळू' असं पेन्सिलीने लिहिलं. जे अजून तपासायचं आहे ते ती पेन्सिलीने लिहायची; तपासून झालं की त्यावरून पेन फिरवायची.

रंजिता बऱ्हाणपुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. सरकारी कागदावर तिच्या पदाचं नाव 'अतिथी विद्वान' असं होतं. नऊ वर्षं मुक्काम ठोकून बसलेली पाहुणी जगात मी एकटीच असेन, असं ती स्टाफरूममध्ये म्हणायची, आणि त्याहून जास्त काही म्हणायची नाही.

मागच्या पावसाळ्यात जवळच्या निंबोला गावच्या केळीबागांत हरण्या रोग आला. पानावर पिवळे पट्टे उमटतात, पोग्यातलं कोवळं पान सडतं, झाड खुरटतं. औषध नाही. रोगी झाड दिसलं की उपटायचं, एवढाच उपाय, कारण त्या झाडावर बसलेला मावा हा बारीक किडा उडून शेजारच्या झाडावर गेला की रोगही त्याच्यासोबत जातो. रंजिता विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून फोन घेऊन तिथे जात होती. श्रावण-भादव्यात तिने बेचाळीस क्लिपा घेतल्या. या वर्षी नवी लागवड अडीच महिन्यांवर आली, तेव्हा गावातल्या लोकांनीच तिला गळ घातली की मॅडम, त्याचा एक पिक्चर करा, रविवारी मारुतीच्या देवळापुढे मोठ्या टीव्हीवर लावू, मग रोपं उतरवू.

एकेचाळीस क्लिपांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. प्रश्न सतराव्या क्लिपचा होता.

त्या दिवशी तिने फोन तिपाईवर लावून एकतीस मिनिटं चालूच ठेवला होता. पंचविसाव्या मिनिटाला चुडामणभाऊ एक रोगी झाड कुदळीने उपटतात, हातात धरतात आणि बांधाकडे वळतात. आणि चित्राबाहेरून रंजिताचाच आवाज येतो, "बांधावर टाका तिकडे." चाळीस झाडं त्यांनी बांधावर टाकली. ती जाळायला हवी होती, नाहीतर खोल पुरायला. बांधावर सुकत पडलेल्या झाडांवरून मावा उठला, आणि तीन आठवड्यांत बांधापलीकडे भागाबाईच्या बागेत नऊशे झाडांवर पट्टे आले. तोच मावा होता हे कोणी शपथेवर सांगू शकत नव्हतं. पण दुसरं कारण शोधून रंजिता थकली होती.

भागाबाईने दोष दिला चुडामणभाऊंना. दोन्ही शेतांच्या मधून जाणाऱ्या पाऊलवाटेवर तिने बाभळीचे काटे रचले. तेव्हापासून चुडामणभाऊ आपल्याच शेतात नाल्याच्या अंगाने वळसा घालून जात होते. आणि या नऊ महिन्यांत त्यांनी एकदाही, कोणालाही, 'मॅडमने सांगितलं म्हणून टाकली' असं म्हटलं नव्हतं. रंजितानेही म्हटलं नव्हतं.

तिच्याजवळ एक आधार होता. क्लिपमध्ये चुडामणभाऊंची मान आधी वळते आणि तिचा आवाज त्यानंतर तीन फ्रेमनी येतो. म्हणजे ते आधीच बांधाकडे निघाले होते. बागेतला सगळा कचरा लोक बांधावरच टाकतात; वाळलेली पानं, बुंध्याशी फुटलेले कापलेले पील, सगळं. तिने फक्त जे होतच होतं त्याला मान डोलावली. तीन फ्रेम. सेकंदाचा दहावा भाग. दोन महिने ती या दहाव्या भागावर उभी होती.

आवाजच पंधरा फ्रेम मागे पडत असेल तर त्या तीन फ्रेमचं काय, हा प्रश्न तिने त्या सोमवारी संध्याकाळी वहीत लिहिला नाही. पेन्सिलीनेही नाही.

"आई, पिक्चरचं नाव काय ठेवलं?" हिमानीने दारातूनच विचारलं. हिमानी तिची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला.

"अजून नाही ठेवलं."

"सॉफ्टवेअर चुनायला दोन महिने. नाव चुनायला किती? नातवंडं बघतील पिक्चर?"

दोन महिन्यांचा हिशेब खोटा नव्हता. रंजिताचा कॉम्प्युटर आठ वर्षांचा होता आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. प्रबंधाच्या वेळी संख्याशास्त्राच्या कामासाठी ती ते शिकली आणि मग सवय मोडावी असं काही कारण घडलं नाही. व्हिडिओ मात्र तिने आयुष्यात कधी जोडला नव्हता. सिनेमावाले वापरतात ते एक नावाजलेलं सॉफ्टवेअर तिने आधी बसवलं. ते दिमाखात उघडलं. तिच्या क्लिपा आत ओढल्या तर पडदा काळा आणि आवाज मुका. चार दिवस ती तारा तपासत बसली. मग कळलं की लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत फोनचा फॉरमॅट चालत नाही, आणि हे त्यांनी आपल्या पानावर स्वच्छ लिहून ठेवलेलं होतं. तिने वाचलं नव्हतं. वनस्पतींची लॅटिन नावं पाठ असलेल्या बाईने सूचना न वाचता यंत्र चालू केलं, याची तिला स्वतःलाच गंमत वाटली.

मग तिने शॉटकट वापरून पाहिलं, मग केडेनलाइव्ह. दोन्हीत एकच दोन मिनिटांचा तुकडा जोडला, तेच चार कट, तीच पाटी, तोच आवाज. दोन्ही फुकट, दोन्ही लिनक्सवर सहज बसणारी. शॉटकट आधी हाताला बसलं. पण शेवटी तिने केडेनलाइव्ह ठेवलं, कारण ते मधूनमधून काही विचारायचं आणि ते काय विचारतंय हे तिला बहुतेक वेळा कळायचं. बहुतेक वेळा. क्लिपा आत घेताना दर खेपेला त्याने एक चौकट दाखवली होती, काहीतरी फ्रेमच्या वेगाबद्दल, नवी प्रत करून देऊ का म्हणून. जुन्या हार्डडिस्कवर जागा उरली नव्हती. तिने बेचाळीस वेळा 'नको' दाबलं होतं.

मंगळवारी दुपारी ती शनवारा चौकाजवळ हर्षलच्या दुकानात गेली. हर्षल बऱ्हाणपुरातल्या अर्ध्या लग्नवाल्या स्टुडिओंना कॉम्प्युटर पुरवायचा आणि उरलेल्या अर्ध्यांची नावंही त्याला पाठ होती.

"या मॅडम, बसा. एडिटिंगसाठी ना? हे बघा." त्याने एका काचेच्या डब्याकडे हात केला. आत पाच पंखे फिरत होते, जांभळे, हिरवे, निळे. "शादीवाले सगळे हेच नेतात. ग्राफिक कार्ड वेगळं आहे याच्यात. चार घंट्यांचं काम एका घंट्यात."

"दिवे कशाला आहेत?"

"दिवे... लुक आहे मॅडम."

"माझ्या खोलीत ट्यूबलाइट आहे," रंजिता म्हणाली. "हर्षल, यावर लिनक्स चालेल?"

हर्षलने असा चेहरा केला की जणू तिने मावा जलेबीत मिरची घालायला सांगितली. "मॅडम, लिनक्सवर कोण एडिटिंग करतं? सच सांगतो, तुम्ही पहिल्या गिऱ्हाईक."

"मग तुम्हालाही बघायला मिळेल." तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "यात पूर्ण सिस्टिम आहे. तुमच्या मशीनमध्ये काही बसवायचं नाही, काही पुसायचं नाही. यावरून चालू करू, आणि माझी एक क्लिप लावून बघू."

हर्षलने कुतूहलाने पेनड्राइव्ह लावला. पंखे फिरले, पडदा उजळला, केडेनलाइव्ह उघडलं. क्लिप बरी चालली. रंजिताने बाजूला प्रोसेसरचा आलेख लावला आणि वही उघडली.

"हे काय लिहिता?"

"तुमचं ग्राफिक कार्ड काय करतंय ते."

"काय करतंय?"

"काही नाही. बसून आहे. क्लिप उलगडायचं काम सगळं प्रोसेसर करतोय. कार्डाला कामाला लावायचं तर त्याचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागेल, आणि तो बसवला तरी माझ्या चार कटांना आणि दोन पाट्यांना त्याची गरज नाही." तिने वहीचं मागचं पान त्याच्यासमोर धरलं. त्यावर तिच्या घरच्या कॉम्प्युटरचे आकडे होते. "मूळ क्लिप लावली की माझा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि चित्र अडखळतं. पण क्लिपची छोटी, हलकी नक्कल करून त्यावर काम केलं तर तीस टक्के. याला प्रॉक्सी म्हणतात. पिक्चर शेवटी मूळ क्लिपांवरूनच बनतो. म्हणजे प्रोसेसरचा प्रश्न मिटला. उरलं काय? मेमरी आठ जीबी आहे, ती भरते. आणि हार्डडिस्क जुनी, फिरणारी. दर वेळी अडखळतं ते तिथे."

हर्षल वही उलटसुलट करत राहिला. "मॅडम, हे तुम्ही घरी बसून काढलं?"

"घड्याळ लावून."

"मग तुम्हाला फक्त एसएसडी पाहिजे, न फिरणारी डिस्क. एक टीबीची. आणि आठची रॅम अजून एक, जुन्या मशीनवाली."

"तेच सांगायला आले होते. दिवे नसलेली द्या."

हर्षल हसला. रॅमसाठी त्याने वरच्या फळीवरची खोकी धुंडाळली, दोन काढल्या, तिच्याच पेनड्राइव्हवरून तपासून त्यातली चांगली दिली, आणि ती निघाली तेव्हा म्हणाला, "पिक्चर बनला की मला दाखवा. नाहीतर मी कोणाला सांगू, लिनक्सवर होतं म्हणून?"

बुधवारी तिने कॉम्प्युटर उघडला. हिमानीने टॉर्च धरला आणि सारखा पंख्यावरच्या धुळीवर मारत राहिली.

"आई, इथे कापूस पिकतोय."

"बोलू नकोस, उडेल."

नवी मेमरी खाचेत बसताना 'कट्' असा आवाज झाला. नव्या डिस्कवर लिनक्स पुन्हा बसवलं, क्लिपांच्या नकला करायला लावल्या आणि ती भाकऱ्या टाकायला गेली. परत आली तर बेचाळीस नकला तयार होत्या. तिने सतरावी क्लिप लावली. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. एकही अडखळ नाही. प्रोसेसर पंचवीस टक्क्यांवर.

कुदळ मातीत शिरली. एक, दोन, तीन. पंधरा फ्रेमनंतर आवाज आला.

रंजिताने वही ओढली. मग 'कॉम्प्युटर हळू' हे शब्द खोडरबराने पुसले. कारणाचा रकाना रिकामा झाला.

"आता काय झालं?" हिमानी म्हणाली. "एकदम मक्खन चालतंय की."

"चालतंय. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता."

"मग कोणाचा?"

"ते शुक्रवारी. उद्या मला निंबोल्याला बांधाचा एक शॉट घ्यायचाय."

गुरुवारी सकाळी ती बांधावर पोचली तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन आत्ताच चटके देत होतं. भागाबाई पलीकडून येत होती, डोक्याला ओलं फडकं गुंडाळून, हातात नळीचा तुकडा. पंचावन्नच्या आसपासची, काटक. नवरा गेल्यापासून अकरा एकर ती एकटी बघत होती आणि मजुरांना तिच्या आवाजाने जाग यायची.

"या मॅडम. काय करून राहिल्या? पिच्चर झाला का?"

"होत आलाय."

"मग त्यात हा बांध दाखवा. लांबून नका दाखवू, चांगला जवळून दाखवा. माझी नऊशे झाडं या बांधानं खाल्ली. नऊशे! एकेक हातानं पाणी पाजलेलं. लोकांना दिसू द्या कोणी काय केलं."

"दाखवणार आहे," रंजिता म्हणाली.

"नाव घ्याल?"

रंजिता तिपाईचा पाय मातीत रोवत होती. तो नीट बसला होता तरी तिने पुन्हा दाबला. "भागाबाई, रविवारी तुम्ही याच. पुढे बसा."

"येणारच. तो पुढे बसला तर मी मागे बसेन, एवढंच."

बाभळीच्या काट्यांचा ढीग वाळून पांढरा पडला होता. वाटेच्या पलीकडे, नाल्याच्या अंगाने, चुडामणभाऊ सायकल हातात धरून चालत येताना दिसले. सरळ आले असते तर दोन मिनिटांत पोचले असते. भागाबाईने त्यांच्याकडे पाठ केली आणि नळी जोडायला बसली. चुडामणभाऊंनी लांबूनच रंजिताला हात केला. तिने बांधाचा शॉट घेतला. मग काट्यांचाही घेतला, चाळीस सेकंद, हात न हलवता.

शुक्रवारी संध्याकाळी तिने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. क्लिपच्या पाचव्या मिनिटाला चुडामणभाऊंनी कुदळ दगडावर आपटून माती झाडली होती. दहाव्याला टाळी वाजवून ढोर हाकललं होतं. पंधराव्या आणि विसाव्या मिनिटालाही असे ठळक आवाज होते. तिने प्रत्येक ठिकाणी चित्र आणि आवाजातलं अंतर मोजलं. तीन. सहा. नऊ. बारा. आणि पंचविसाव्याला पंधरा. आलेखाच्या कागदावर पाच ठिपके काढले आणि पट्टी ठेवली. सरळ रेषा.

अडखळणारं यंत्र सरळ रेषा काढत नाही. त्याचं कधी पाच, कधी वीस झालं असतं. ही चूक फाइलच्याच पोटात होती. फोन सेकंदाला तीस फ्रेम घेतो म्हणतो, पण ढग आले, उजेड कमी झाला की थोड्या कमी घेतो, आणि कोणाला सांगत नाही. सॉफ्टवेअर बिचारं तीस धरून चालतं. चित्र केसभर पुढे पळत राहतं, आवाज मागे राहतो, आणि केस केस करून पंचवीस मिनिटांत अर्धा सेकंद साचतो. म्हणूनच ती चौकट येत होती. फ्रेमचा वेग बदलता आहे, सारख्या वेगाची प्रत करून देऊ का? बेचाळीस वेळा विचारलं होतं त्याने.

या वेळी डिस्कवर जागा होती. तिने 'हो' दाबलं.

प्रत व्हायला एकोणीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ती भाकऱ्या टाकायला गेली नाही. खुर्चीवरच बसून राहिली. पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना ती पुन्हा पुन्हा एक साधी वजाबाकी करत होती, पंधरातून तीन, जी तिला सोमवारीच येत होती.

कुदळ मातीत शिरली आणि आवाज त्याच क्षणी आला. खच्च. चार मीटरवरून.

तिने क्लिप चालू ठेवली. चुडामणभाऊंनी झाड उपटलं, मुळांची माती झटकली आणि ते थांबले. सरळ फोनकडे बघितलं. फोनकडे नाही, फोनच्या मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे. भुवया वर. इतके दिवस चित्र अडखळत असताना हे थांबणं कधी दिसलंच नव्हतं. "बांधावर टाका तिकडे," तिचा आवाज म्हणाला. आणि मग त्यांची मान वळली. आवाज सुरू झाल्यापासून मान वळेपर्यंत बारा फ्रेम. ऐकून वळायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा.

त्यांनी विचारलं होतं. तिने सांगितलं होतं.

तिने पेन घेतलं, पेन्सिल नाही, आणि वहीत लिहिलं, 'क्लिप १७. आवाज आधी. १२ फ्रेम.' मग कॉम्प्युटर बंद करून स्वयंपाकघरात गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

शनिवारी सकाळपासून ती एका बैठकीत काम करत राहिली. हात आता न विचारता चालत होते. कट, जोड, पाटी. रोग कसा ओळखायचा, मावा पानाखाली कसा बघायचा, केळीत काकडी आणि मिरची का लावायची नाही, उपटलेलं झाड खड्ड्यात कसं पुरायचं. सोळा मिनिटांचा पिक्चर झाला. तो तयार व्हायला कॉम्प्युटरने पन्नास मिनिटं घेतली. हर्षलच्या दिव्यांच्या डब्याने कदाचित पंधरा घेतली असती. तिने त्या पन्नास मिनिटांत मुगाची खिचडी केली आणि केस धुतले.

चारच्या सुमाराला चुडामणभाऊ आले, सायकलला बांधून आणलेल्या केळ्यांच्या दोन फण्या हातात घेऊन. उद्या गावापुढे लागण्याआधी तुम्ही एकदा बघून जा, असं तिनेच त्यांना कळवलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. हिमानीने पाणी दिलं आणि पिक्चर लावला.

"अरे बाप्पा," दुसऱ्याच मिनिटाला ते म्हणाले. "मी इतका काळा आहे?"

"काका, तुम्ही हीरो आहात. हीरोचा रंग नाही बदलत," हिमानी म्हणाली.

"तुझी काकू ऐकत असती तर बरं झालं असतं."

मावा पानाखाली दिसला तेव्हा ते पुढे झुकले. खड्डा खणायचा भाग आला तेव्हा मान हलवली. मग सतराव्या क्लिपमधला तो तुकडा आला. पडद्यावरचे चुडामणभाऊ झाड हातात धरून थांबले, समोर बघितलं, आणि रंजिताचा आवाज खोलीत स्वच्छ वाजला. खुर्चीतले चुडामणभाऊ हलले नाहीत. त्यानंतर बांध आला, आणि काट्यांचा ढीग. पिक्चर संपला.

"भारी झालाय," ते म्हणाले. मग पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "मॅडम, एक करा. ते तुमचं बोलणं काढून टाका तेवढं."

"का?"

"उद्या तुम्ही चार गोष्टी सांगाल. लोकांनी ऐकायला पाहिजे ना. हे कानावर पडलं तर म्हणतील, हिलाच माहीत नव्हतं, ही काय सांगते. मग कोणी खड्डा खणणार नाही. परत बांधावरच टाकतील."

"आणि तुमचं?"

"माझं काय! माझं झालं ते झालं. लांबून जातो, पायाला तेवढीच कसरत. भागाबाई काय, आज ना उद्या थंड होईल. मी तिला एवढ्या दिवसांत नाही सांगितलं, आता तुम्ही कशाला सांगता?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

चुडामणभाऊंनी खांदे उडवले. "तुम्ही आमच्या बागेत पाहुण्या होत्या."

हिमानी माऊसवर हात ठेवून उभी होती. "आई, सोपं आहे. क्लिपचा आवाज बंद, खाली म्युझिक. एक मिनिट पण नाही लागणार." तिने बाण त्या तुकड्यावर नेला. पडद्यावर आवाजाची हिरवी लाट दिसत होती, कुदळीचा उंच खिळा आणि त्यानंतर बोलण्याचे तीन बुटके डोंगर. "काढू?"

रंजिताने तिचा हात माऊसवरून हळूच बाजूला केला. मग खुर्ची वळवली आणि चुडामणभाऊंकडे सरळ बघितलं, वर्गात बघायची तशी.

"काढायचं नाही. आवाज राहील, चुडामणभाऊ. तुम्ही मला विचारलं होतं आणि बांधावर टाका असं मी सांगितलं होतं, ते चुकीचं सांगितलं होतं. उद्या पिक्चर लावण्याआधी भागाबाईंसमोर उभी राहून मी हेच बोलणार आहे."